‘एड्सग्रस्त’ हा शब्द आणि भिंतीवरचे चित्र

मराठवाड्यातील भिंतींना आरोग्याचा संदेश नवा नव्हता. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण अक्षरओळख नसलेला माणूसही ओळखत असे. त्यामुळे १९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये एचआयव्हीचा संसर्ग देशात प्रथम आढळला आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पेंटर होते, चुन्याने पोतलेल्या भिंतीही होत्या. चित्र काय काढायचे, एवढेच ठरायचे होते.

संसर्ग चेहऱ्यावर दिसत नाही, ही खरी अडचण होती. उपचार नसले तरी एड्सच्या अवस्थेपर्यंत पोहोचायला साधारण आठ ते दहा वर्षे लागतात आणि त्यातील बराच काळ माणूस धडधाकट दिसतो. चित्राला मात्र दिसणारेच काही हवे असते. म्हणून कवटी आली, फणा काढलेला नाग आला, खंगलेला माणूस आला. पाहणाऱ्याने त्यातून असा अर्थ घेतला की, रोगी असा दिसतो आणि जो असा दिसत नाही त्याच्यापासून धोका नाही. प्रतिबंधाच्या कामात याहून घातक समजूत शोधून सापडणार नाही.

‘एड्सग्रस्त’ या शब्दाने हीच चूक अक्षरांत केली. एक तर त्याने संसर्ग आणि त्यापुढची अवस्था यांतील भेद पुसला. दुसरे असे की, ‘ग्रस्त’ मराठवाड्यात ज्या सहजतेने रुळला, तिचा संबंध केवळ वैद्यकाशी नाही. दुष्काळग्रस्त आणि प्रकल्पग्रस्त हे शब्द येथे आधीपासून होते, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भूकंपग्रस्त हा शब्द घरोघरी पोहोचला, आणि या सर्वांत मदतीवरचा हक्क गृहीत होता. एड्सच्या मागे लागताच मात्र त्याच ‘ग्रस्त’मधून हक्क गळून पडला आणि कीव तेवढी उरली, भिंतीवर तर कीवही उरली नाही, तिथे भीतीच होती. अमेरिकेतील डेन्व्हर येथे १९८३ मध्येच एड्ससह जगणाऱ्यांनी आपल्याला ‘बळी’ म्हणण्यास हरकत घेतली होती. आपल्याकडे ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’ ही रचना पुढे कागदोपत्री आली. पेंटरच्या दृष्टीने ती लांब होती, हेही मान्य केले पाहिजे.

एड्सविषयीच्या जागृतीची खूण म्हणून न्यूयॉर्कमधील कलावंतांनी १९९१ मध्ये घडवलेली लाल फीत पुढे आपल्याकडेही आली. ती कोणाला घाबरवत नाही, हा तिचा गुण. पण लाल त्रिकोण जसा सांगत असे, तशी ती स्वतःहून काही सांगत नाही, शेजारी वाक्य लागते. खरा बदल एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी औषधे, मिळू लागल्यावर शक्य झाला, कारण औषध घेऊन शेतात राबणारा माणूस आता खोटे न बोलता रंगवता येत होता. भेदभावाला मनाई करणारा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला. तोवर फ्लेक्सने पेंटरची भिंत घेतली होती आणि गावाच्या हातचे चित्र उरले ते १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या, चित्रकला व रांगोळी स्पर्धांपुरते.

या तारखेविषयी फारसे कोणी बोलत नाही. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातील ऊसतोड कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. महिनोन्‌महिने बाहेर राहणाऱ्या ज्या स्थलांतरितांना हा कार्यक्रम आपला महत्त्वाचा गट मानतो, तेच नेमके त्या दिवशी गावात नसतात. रांगोळी काढतात ती आजी-आजोबांजवळ राहिलेली मुले, आणि पाहतात ते आजी-आजोबा.