‘कॅपरनॉम’ची पार्श्वभूमी: कागद नसलेली पोरं

‘कॅपरनॉम’ (2018) या नदीन लबाकींच्या लेबनीज चित्रपटातल्या झैनचं वय त्याच्या आईबापालाही ठाऊक नाही. दुधाचे दात उरले नाहीत, म्हणून डॉक्टर ते अंदाजे बारा ठरवतात. हा मुलगा आईबापावर खटला भरतो. बैरुतमध्ये मूल कागदाविना कसं राहतं हे पाहिलं, तर आरोपीच्या पिंजऱ्यात एकटे आईबाप उभे करणं जरा सोपं वाटतं.

तिथे जन्म नोंदवायचा तर आधी दवाखान्याचा किंवा सुईणीचा दाखला लागतो. तो मुख्तारकडे, म्हणजे वस्तीच्या निवडून आलेल्या अधिकाऱ्याकडे, नेऊन जन्मदाखला घ्यायचा आणि नागरी नोंदणी कार्यालयात चढवायचा. पालक परदेशी असतील तर परदेशी नागरिकांच्या नोंदवहीत आणखी एक नोंद. हे सगळं वर्षाच्या आत. नंतर कोर्टाची पायरी. अडतं ते बहुधा सुरुवातीलाच: बिल थकलं की दाखला अडकतो, आणि लग्नाचा कागद नसेल तर पुढचं सगळंच खोळंबतं. त्यात 1925 च्या कायद्यानुसार नागरिकत्व बापाकडून मिळतं, आईकडून नाही.

2011 नंतर दहा लाखांहून जास्त सीरियन निर्वासितांची लेबनॉनमध्ये नोंद झाली. 1951 च्या निर्वासित करारावर या देशाची सही नाही. मे 2015 मध्ये सरकारच्या सांगण्यावरून संयुक्त राष्ट्रांनी नवी नोंदणी थांबवली. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक सीरियन व्यक्तीला राहण्याच्या परवान्यासाठी वर्षाला 200 डॉलर पडू लागले. परवाना नसलेला बाप नाक्यावरच्या तपासणीला भिऊन नोंदणी कार्यालयापर्यंत जातच नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये एका वर्षाची अट शिथिल झाली, पण तेव्हापर्यंत जन्मलेल्या सीरियन मुलांपुरतीच.

चित्रपटात झैनला आसरा देणारी राहिल इथियोपियाहून घरकामाला आलेली, त्यामुळे तिच्या तान्ह्या योनासला ती सवलत नाही. घरकामगार 1946 च्या कामगार कायद्याबाहेर आहेत, आणि ‘कफाला’ पद्धतीत परवाना मालकाला बांधलेला असतो. मालकाचं घर सोडलं की बाई बेकायदा ठरते.

चित्रीकरणाची पद्धतही यातूनच ठरली. झैनची भूमिका करणारा झैन अल रफिया हा मूळचा सीरियातल्या दरा शहरातला निर्वासित. त्याला लिहिता-वाचता जेमतेम येत असल्याने संवाद पाठ करून घेणं शक्यच नव्हतं. प्रसंग समजावायचा आणि कॅमेरा चालू ठेवायचा. तान्ह्या मुलाला तर सांगूनही उपयोग नसतो, त्याच्या मर्जीची वाट पाहावी लागते. सहा महिन्यांत 500 तासांहून जास्त चित्रण झालं. संकलनाचा पहिला मसुदा 12 तासांचा होता. कमी पैशांच्या चित्रपटाला एवढे दिवस परवडत नाहीत. निर्माते खालिद मुझन्नर, म्हणजे लबाकींचे पती, यांनी त्यासाठी घर गहाण ठेवलं.

राहिलची भूमिका करणाऱ्या योर्दानोस शिफेराव यांना चित्रीकरण चालू असतानाच कागद नसल्याने अटक झाली आणि लबाकींना हमी द्यावी लागली. कान चित्रपट महोत्सवात चित्रपटाला ज्युरी पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी झैन अल रफियाच्या कुटुंबाला नॉर्वेतल्या हामरफेस्टला वसवण्यात आलं.