नववर्षारंभ, ख्रिस्ती : कोकणातील श्रद्धा व आशेची परंपरा

सरलेल्या वर्षाबद्दल ईश्वराचे आभार मानून येणारे वर्ष त्याच्या हाती सोपविण्याची ख्रिस्ती प्रथा ३१ डिसेंबरची संध्याकाळ आणि १ जानेवारीचा दिवस यांत पाळली जाते. कोकण किनाऱ्यावर वसई, उत्तन, कोर्लई, रत्नागिरी, वेंगुर्ला, सावंतवाडी अशा ठिकाणच्या कॅथलिक व प्रॉटेस्टंट समाजांत ती रूढ आहे. दोन्ही पंथांचे विधी निरनिराळे असले, तरी आधी कृतज्ञता आणि मग मागणे हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे. या प्रथेचे मर्म त्या क्रमात आहे, असे म्हणता येईल.

१ जानेवारी ही तारीख बायबलमधून आलेली नाही. ती रोमन कालगणनेची देणगी आहे. चर्चचे उपासना-वर्ष नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या (नाताळच्या तयारीच्या सुमारे चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी सुरू होते, म्हणजे नागरी वर्ष उजाडते तेव्हा ते महिनाभर जुने झालेले असते. कोकणातील कामाचे वर्षही या तारखेशी जुळत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीबंदी जून-जुलैमध्ये असल्याने वसई-उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, आणि भातशेतीचे चक्र पावसाबरोबर फिरते. मात्र नाताळपासून मोजल्यास १ जानेवारी हा आठवा दिवस येतो. लूकच्या शुभवर्तमानानुसार (२:२१) आठव्या दिवशी बालकाची सुंता होऊन त्याला येशू हे नाव देण्यात आले, आणि या प्रसंगामुळे त्या दिवसाला धार्मिक अर्थ लाभला. कॅथलिक चर्चमध्ये १९६९ च्या दिनदर्शिका-सुधारणेनंतर हा दिवस ‘देवमाता पवित्र मरिया’ हिचा सण म्हणून पाळला जातो. मरियेला देवमाता म्हणण्यास इफिससच्या धर्मपरिषदेने ४३१ मध्ये मान्यता दिली होती. पोप सहावे पॉल यांच्या आवाहनानुसार १९६८ पासून हाच दिवस जागतिक शांतिदिन म्हणूनही पाळण्यात येतो.

श्रद्धा, आशा आणि प्रीती हे ख्रिस्ती जीवनाचे तीन ईश्वराभिमुख सद्गुण होत (१ करिंथ १३:१३). नववर्षाच्या शुभेच्छांत ज्या आशेचा उच्चार होतो ती बहुधा परिस्थिती सुधारेल, पीक चांगले येईल, मुलाला नोकरी लागेल अशी असते. अशा इच्छा गैर नाहीत आणि प्रार्थनेत त्या मोकळेपणाने मांडल्या जातात. तथापि ख्रिस्ती आशेचा आधार परिस्थितीचा अंदाज हा नसून ईश्वराचे वचन हा आहे, आणि म्हणून परिस्थिती बिघडली तरी आशा सोडून देण्याचे कारण उरत नाही. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या बायबलमधील पत्रात (५:३-५) संकटातून धीर, धीरातून कसास उतरलेले शील आणि शीलातून आशा निर्माण होते व ही आशा लज्जित करत नाही, असे सांगितले आहे. म्हणजे आशा संकट टळल्यावर लाभणारी नाही. संकट सोसताना ती घडत जाते. तेराव्या शतकातील धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी आशेविरुद्धचे दोन दोष सांगितले : निराशा आणि फाजील भरवसा. पहिल्यात मनुष्य ईश्वर मदत करील हे नाकारतो. दुसऱ्यात ती मदत आपल्याला हवी तशी, स्वतःत काहीही पालट न करता मिळेल असे गृहीत धरतो. वर्षाच्या पहिल्या दिवशी हा दुसरा दोष अधिक संभवतो. याकोबाच्या पत्रातील (४:१३-१५) इशारा त्याच संदर्भात वाचण्याजोगा आहे : उद्या काय होईल हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून ‘प्रभूची इच्छा असेल तर’ असे म्हणावे.

कॅथलिक धर्मग्रामांत (एका चर्चच्या कार्यक्षेत्रात) ३१ डिसेंबरला रात्री पवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेल्या अभिमंत्रित भाकरीची, आराधना व उपकारस्मरणाचा मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) होतो. वर्षभराचे हिशेब मिटवावेत त्याप्रमाणे अनेक जण त्याआधी धर्मगुरूंजवळ पापनिवेदन करतात. या रात्रीचे परंपरागत स्तोत्र ‘ते देऊम’ हे चौथ्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. त्याची सुरुवात स्तुतीने होते, परंतु शेवटची ओळ आशेची आहे : प्रभू, मी तुझ्यावर आशा ठेवली आहे, मला कधीही लज्जित होऊ देऊ नकोस. आभार मानता मानता भक्त आशेपर्यंत पोहोचतो, ही या स्तोत्राची रचना वर्षाच्या संधिकाळाला विलक्षण शोभते. १ जानेवारीच्या मिस्सात बायबलमधील गणनाच्या पुस्तकातील (६:२२-२७) याजक अहरोनाचा आशीर्वाद वाचला जातो. परमेश्वराने आपले रक्षण करावे, त्याचा मुखप्रकाश आपल्यावर पडावा आणि त्याने शांती द्यावी, असे त्यात मागितले आहे. धन, दीर्घायुष्य वा यश यांचा त्यात नामोल्लेखही नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वर्षअखेरीच्या रात्री जागरणाची उपासना होते. तिचे मूळ मोराव्हियन बंधू या प्रॉटेस्टंट पंथाच्या अठराव्या शतकातील प्रथेत असून मेथडिस्ट या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाने तिचा प्रसार केला. कोकणात प्रॉटेस्टंट कार्याचा आरंभ स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ मध्ये बाणकोट येथे केला व पुढे ते हर्णैला पसरले. जागरणाच्या उपासनेत स्तोत्र ९० वाचतात, मंडळीतील माणसे उभी राहून आपली साक्ष देतात, म्हणजे ईश्वराच्या कृपेचा स्वानुभव सांगतात, आणि मध्यरात्री सर्व जण गुडघे टेकून प्रार्थना करतात. काही मंडळ्यांत बायबलमधील वचनांच्या चिठ्ठ्या ठेवून प्रत्येकाने वर्षासाठी एक वचन उचलावे अशी रीत आहे. ते वचन वर्षभर मनन करण्यासाठी असते. त्याकडे भविष्यकथन म्हणून पाहणे श्रद्धेला धरून नाही, आणि जाणते पाळक तसे बजावतातही.

किनाऱ्यावरील ही उपासना मुख्यतः मराठीत चालते. ओवी छंदातील मराठी ‘ख्रिस्तपुराण’ जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ मध्ये जन्मलेल्या रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी भजन व कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर (१९६२-६५) कॅथलिक मिस्साही लोकभाषेत होऊ लागला. कॅथलिक समाजाच्या कारभारासाठी १९९८ मध्ये वसई आणि २००५ मध्ये सिंधुदुर्ग हे बिशपांच्या अधिकाराखालील स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाले.

श्रद्धा टिकवून ठेवण्याचा अनुभव या समाजांना इतिहासाने दिला आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीज सत्ता संपली, तरी राज्याश्रयाविना येथील ख्रिस्ती लोक आपल्या धर्मात स्थिर राहिले. कोर्लईच्या लहानशा वस्तीने तर पावणेतीनशेहून अधिक वर्षे आपली पोर्तुगीजजन्य बोलीही जपली. आजच्या चिंता वेगळ्या आहेत. वसईच्या बागायतीवर नागरीकरणाचा दाब आहे, आणि जून २०२० मधील निसर्ग व मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांनी किनाऱ्यावरील होड्या, घरे व बागांची हानी केली. अशा वर्षानंतरचे आभार हे औपचारिक नसतात. काय गमावले हे मोजून झाल्यावर ते मानावे लागतात. बायबलमधील विलापगीतातील (३:२२-२३) परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते हे वचन यरुशलेमच्या विध्वंसानंतरचे आहे, हा संदर्भ येथे विसरता येत नाही.

नववर्ष सुरू झाल्यावर महिनाभराने वसईच्या ख्रिस्ती समाजात संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण येते. वसईत जन्मलेले, फ्रान्सिस्कन या कॅथलिक धर्मसंघाचे हे बंधू ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना संत घोषित केले.