‘बाहेरून’ केलेल्या पदवीची पार्श्वभूमी

“पदवी कॉलेजात जाऊन केली की बाहेरून?” हा प्रश्न ज्याला विचारला जातो, त्याला त्यामागचा खरा प्रश्न बरोबर ऐकू येतो. ही पदवी कितपत धरायची, हे विचारणाऱ्याला ठरवायचं असतं. पत्राने शिकलेल्यांना हे विचारलं गेलं, रेडिओ-टीव्हीवरून शिकलेल्यांना विचारलं गेलं, आज ऑनलाइन शिकणाऱ्यांना विचारलं जातं. उत्तरं मात्र वेळोवेळी वेगळी आली. ती का वेगळी आली, हे कळायला जवळजवळ दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

1840 साली ब्रिटनमध्ये एका पेनीत देशात कुठेही पत्र जाऊ लागलं. त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी (शॉर्टहँड) टपालाने शिकवायला सुरुवात केली. शिकणाऱ्याने बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवून पाठवायचा आणि तो चुका दुरुस्त होऊन परत यायचा. टपालाने धडे पाठवण्याची जाहिरात बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात 1728 सालीच आली होती, पण धडा पाठवणं वेगळं आणि चूक दाखवणं वेगळं. पुढच्या साऱ्या इतिहासात हाच फरक पुन्हा पुन्हा समोर येतो.

पदवीची गोष्ट सुरू होते 1858 साली. तोवर लंडन विद्यापीठाच्या परीक्षेला बसायचं तर मान्यताप्राप्त कॉलेजात शिकलेलं असावं लागे. नव्या सनदेने ती अट काढून टाकली. कुठेही शिका, घरी शिका, स्वतःचं स्वतः शिका, पण परीक्षा आमची द्या. 1865 मध्ये मॉरिशसमध्ये या परीक्षा झाल्या आणि हळूहळू लंडनच्या प्रश्नपत्रिका जगभर जाऊ लागल्या. 1878 पासून स्त्रियांनाही पुरुषांच्या बरोबरीने या पदव्या खुल्या झाल्या. पुढे या विद्यार्थ्यांना ‘एक्स्टर्नल’ हे नाव पडलं. आपण ज्याला बहिःस्थ किंवा बोलीत ‘बाहेरून’ म्हणतो, ते हेच.

या पदवीला वजन होतं, कारण परीक्षेत सवलत नव्हती. उणीव होती ती दुसऱ्या बाजूला. विद्यापीठ परीक्षा घेई, शिकवत मात्र नसे. ती पोकळी भरायला खासगी पत्रद्वारा शिकवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. विल्यम ब्रिग्ज यांचं ‘युनिव्हर्सिटी करस्पाँडन्स कॉलेज’ 1887 मध्ये निघालं. लेखक एच. जी. वेल्स यांनी तिथे शिकवलं आणि स्वतःची बी.एस्सी.देखील 1890 मध्ये लंडनची बहिःस्थ परीक्षा देऊनच मिळवली. पण ज्यांना असा आधार परवडत नव्हता, ते पुस्तकं आणि जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन एकटेच बसत. त्यातले किती जण मधेच थांबले असतील, या विचाराने आजही वाईट वाटतं.

अमेरिकेत गाडी वेगळ्या वाटेने गेली. बॉस्टनच्या ॲना टिकनर यांनी 1873 मध्ये घरी राहणाऱ्या स्त्रियांसाठी पत्रद्वारा अभ्यासाची संस्था काढली. ती पदवी देत नव्हती, पण जवळपास पाव शतक तिने हजारो स्त्रियांशी पत्राने अभ्यास चालू ठेवला. ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा टपालाने जात. टपालाने हिब्रू शिकवलेले विल्यम रेनी हार्पर हे शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले आणि 1892 मध्ये त्यांनी विद्यापीठातच पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग उघडला. पत्राने शिकणारा विद्यार्थी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहितो, वर्गातला क्वचितच तेवढं बोलतो, ही त्यांची भूमिका होती. स्वाध्याय मनापासून तपासणाऱ्या कुणालाही ती पटेल.

याच काळात पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावी कोळसा खाणकामगारांसाठी पत्रद्वारा अभ्यासक्रम निघाला. खाणीतल्या अपघातांमुळे तिथल्या पर्यवेक्षकांना परीक्षा सक्तीची झाली होती आणि खाणीत उतरणाऱ्या माणसाला शाळेत जायला दिवस मोकळा नव्हता. हेतू अगदी रास्त होता. पण यशाच्या पाठोपाठ विक्रेते आले. दारोदार फिरून प्रवेश भरून घ्यायचे, त्यावर कमिशन मिळवायचं, ही रीत या साऱ्या धंद्यात पसरली. फी आधी भरून घेतलेली असली, की सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचे स्वाध्याय तपासण्याचा खर्चही वाचतो. माझ्या मते दूरशिक्षणाच्या नावाला पहिला डाग इथे लागला. विद्यार्थी गळला तर ज्या संस्थेचा फायदा होतो, तिच्याकडून त्याला धरून ठेवण्याची अपेक्षा कशी करायची? 1930 मध्ये शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिकी विद्यापीठांवर कठोर टीका केली, तेव्हा कोलंबिया आणि शिकागोसारख्या नामवंत विद्यापीठांचे घरबसल्या शिक्षणाचे विभागही त्यातून सुटले नाहीत.

हा डाग पुसण्याचा सर्वात मोठा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. 1963 साली मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी ‘हवेतल्या विद्यापीठा’ची, म्हणजे रेडिओ-टीव्हीवरून शिकवणाऱ्या विद्यापीठाची, कल्पना मांडली. पुरेशी चेष्टा झाली. टीव्ही बघून कोणी पदवीधर होतं का, असा सूर होता. पण मंत्री जेनी ली एका गोष्टीवर अडून बसल्या: कमअस्सल विद्यापीठ काढायचंच नाही. प्रवेशाला कोणतीही पूर्वअट नसेल, पण बाहेर पडताना पदवी इतर कोणत्याही विद्यापीठाच्या तोडीची असेल. 1969 मध्ये ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि जानेवारी 1971 मध्ये सुमारे 24,000 विद्यार्थ्यांनी अभ्यास सुरू केला. त्यांत शिक्षक होते, कारखान्यातले कामगार होते, मुलं शाळेत धाडून पुस्तक उघडणाऱ्या गृहिणी होत्या.

टीव्हीवरच्या व्याख्यानांचंच नाव जास्त झालं. खरं काम मात्र टपालाच्या खोक्यात होतं. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला घरी प्रयोगसाहित्य येई. त्यात तळहातावर मावणारा प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शक असे, रसायनं असत, मापं असत. स्वयंपाकघराच्या टेबलावर ताटं आवरली की प्रयोग मांडायचा. पुस्तकं एकट्या प्राध्यापकाची नसत. विषयतज्ज्ञ, संपादक, बीबीसीचे निर्माते एकत्र बसून ती तयार करत, एकमेकांचे मसुदे फाडत. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा ट्यूटर असे. तो निबंध तपासून शेरे लिहून परत पाठवी, आणि त्या ट्यूटरने कसं तपासलं आहे, हेदेखील नमुन्यादाखल दुसरं कोणी तपासून पाही. उन्हाळ्यात आठवडाभर प्रत्यक्ष एकत्र यायचं. परीक्षा केंद्रावर बसून द्यायची आणि बाहेरच्या विद्यापीठांतले परीक्षक त्यावर नजर ठेवायचे. लंडनची कडक परीक्षा आणि पिटमनची दुरुस्त होऊन येणारी उत्तरं, दोन्ही इथे पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकत्र आली.

मग ही वाट रुळली. देशोदेशी अशी दूरशिक्षणाची विद्यापीठं निघाली: स्पेनचं उनेद 1972 मध्ये, जर्मनीतलं हागेनचं विद्यापीठ आणि पाकिस्तानातलं आजचं अल्लामा इक्बाल विद्यापीठ 1974 मध्ये, थायलंडचं सुखोथाई थम्माथिरात 1978 मध्ये, भारताचं इग्नू 1985 मध्ये. दक्षिण आफ्रिकेचं युनिसा तर 1946 पासूनच पत्राने शिकवत होतं. नेल्सन मंडेला यांनी तुरुंगातून आधी लंडनच्या आणि नंतर युनिसाच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास केला. एलएल.बी. पूर्ण झाली 1989 मध्ये, कैदेत असतानाच.

इंटरनेट आल्यावर खरं तर हीच वाट सोपी व्हायला हवी होती. घडलं ते निराळं. अमेरिकेत 1992 साली सरकारनेच नियम केला होता, की निम्म्याहून अधिक अभ्यासक्रम पत्रद्वारा चालवणाऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना सरकारी आर्थिक मदत मिळणार नाही. विद्यार्थ्यांच्या नावाने मदतीचे पैसे उकळणाऱ्या संस्थांना आळा घालण्यासाठी तो होता. 2006 मध्ये ऑनलाइन शिक्षणाला त्यातून मोकळीक मिळाली आणि नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था झपाट्याने फुगल्या. 2012 च्या सिनेट समितीच्या अहवालात दिसलं, की यांतल्या मोठ्या कंपन्या शिकवण्यापेक्षा जाहिरात आणि प्रवेशभरतीवर जास्त खर्च करत होत्या. स्क्रँटनच्या काळातला दारोदारचा विक्रेता आता फोनवर बसला होता.

त्याची किंमत विद्यार्थ्याने मोजली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी अमेरिकेतल्या नोकरीच्या जाहिरातींना बनावट अर्ज पाठवले. व्यवसाय विषयाच्या पदवीची अट असलेल्या जागांसाठी नफेखोर ऑनलाइन संस्थेची पदवी लिहिलेल्या अर्जांना मालकांकडून बोलावणं येण्याचं प्रमाण साध्या सरकारी विद्यापीठाच्या पदवीपेक्षा 22 टक्क्यांनी कमी निघालं. हा आकडा ऑनलाइन शिक्षणाच्या माथी मारला जातो, तेव्हा मला राग येतो. तुलना दोन प्रकारच्या संस्थांची होती, नुसत्या दोन माध्यमांची नव्हती.

उलट उदाहरणही आहे, पण त्याआधी काय झालं ते पाहू. 2011 मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत ऑनलाइन वर्गाला सुमारे 1,60,000 जणांनी नाव नोंदवलं. आता विद्यापीठं ओस पडणार, अशी भाकितं झाली. शेवटपर्यंत टिकले ते वीसेक हजार. दार उघडं होतं, चांगला अभ्यासक्रम होता, पण हात धरणारं कोणी नव्हतं. मग अमेरिकेतल्याच जॉर्जिया टेक विद्यापीठाने जानेवारी 2014 मध्ये संगणकशास्त्राची पूर्ण पदव्युत्तर पदवी ऑनलाइन सुरू केली. फी अगदी कमी, तपासनीसांची मोठी फौज, आणि पदवीपत्रावर ‘ऑनलाइन’ हा शब्दच नाही. 1858 साली लंडनने जे परीक्षेपुरतं केलं होतं, ते इथे शिकवण्यासकट झालं.

2020 च्या महामारीत वर्गात बसणारेही घरी बसले, आणि काही काळ सगळेच ‘बाहेरचे’ झाले. तेव्हा एक जुनी गाठ पुन्हा घट्ट झाली. परीक्षा घरी गेली. कॅमेऱ्यासमोर बसलेला विद्यार्थी डोळा कुठे फिरवतो, हे सॉफ्टवेअर मोजू लागलं. अभ्यासिका नसलेल्या घरात, मागे कोणी बोललं म्हणूनही संशयाची खूण उमटू लागली. 2022 च्या अखेरीस सांगाल त्या विषयावर निबंध लिहून देणारी साधनं हाताशी आली. दूरशिक्षणाचा प्राण असलेला स्वाध्याय, ट्यूटरच्या शेऱ्यांसाठी पाठवलेला तो घरचा कागद, कोणी लिहिला हेच सांगता येईना. मॉरिशसच्या परीक्षेत निदान उत्तरपत्रिका कोण लिहितंय, हे समोर उभ्या असलेल्या माणसाला दिसत होतं.