एमआरआयमधी ओळ तीच, पण माझं दुखणं मानेचं अन मामीचं खांद्याचं

आमच्या घरात मानेचे दोन एमआरआय आहेत, एक माझा अन एक जिंतूरच्या मामीचा. दोन्ही रिपोर्टमधी एक ओळ जवळपास सारखीच, सी-५ सी-६ ला डिफ्यूज डिस्क बल्ज, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी (डिस्क) चौफेर जराशी बाहेर फुगलेली. दोघांचाही उजवा हात दुखायचा, दोघांनीही मानेला पट्टा लावला. माझं खरंच मानेचं होतं, मामीचं मानेचं नव्हतंच, तिचा खांदा जाम झालता, फ्रोझन शोल्डर. पण फाइल उघडली की सगळे ती बल्जची ओळच वाचायचे, हात हलवून कोणी बघितलाच नाही, पाच महिने पट्ट्यात गेले बिचारीचे.

आता दोन्हीत फरक कसा ओळखायचा ते सांगतो, मी डॉक्टर नाही, पण दोन्ही दुखणी जवळून बघितलीत.

पहिलं बघायचं की कळ जाती कुठं. माझी मानेतून निघून पाठीच्या पात्यापाशी ठणकायची आणि तिथून करंट लागल्यासारखी कोपराच्या खाली, पार अंगठ्यापर्यंत. अंगठा अन त्याच्या शेजारचं बोट बधिर, शर्टाची गुंडी लावताना अंगठा दुसऱ्याचाच वाटायचा. मानेचे मणके ७ पण नसांच्या जोड्या ८, आणि पाचव्या-सहाव्या मणक्याच्या मधून निघती ती सहावी नस, तिचा इलाका म्हणजे अंगठ्याची बाजू. सातवी दबली तर मधलं बोट, आठवी दबली तर करंगळी. म्हणजे मुंग्या कुठल्या बोटात येतात त्यावरून बराच अंदाज लागतो. (फक्त रात्री हाताला मुंग्या येऊन हात झटकावा लागत असंल तर मनगटातली नस पण असू शकती, ते तिसरंच प्रकरण.)

मामीला मुंग्या नव्हत्याच. देवी टोचल्याची खूण असती ना दंडावर, बरोबर तिथं ठणका, कोपराच्या खाली सहसा उतरत नव्हता. त्या कुशीवर झोपताच येईना, वेणी घालता येईना, मागं हात नेऊन परकराची नाडी सारखी करता येईना, कपडे वाळू घालायची दोरी मामानं खाली बांधून दिली. आणि तिला शुगर, शुगरवाल्यांत खांदा जाम व्हायचं प्रमाण जास्तच असतं, हे पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी डोक्यात यायला पाहिजे होतं.

माझी एक गंमत, हात उचलून डोक्यावर ठेवला की मला आराम पडायचा, म्हणून मी तसाच बसायचो, बायको म्हणायची काय डोक्याला हात लावून बसलाव, काय बुडालं? नंतर कळलं की ही मानेच्या नसेची ओळखीची खूण आहे, हात वर गेला की नसेवरचा ताण कमी होतो. उलट मान मागं टाकून उजवीकडं वळवली, म्हणजे समजा टाकी भरली का म्हणून वर बघितलं, की करंट ठरलेला. मामीला मान कशीबी फिरवा, हाताला काहीच नाही, पण तिला म्हणा हात डोक्यावर ठेव, तर डोळ्यात पाणी.

शेवटी परभणीतल्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी दोन मिनिटात उलगडा केला. मामीची कोपरं कंबरेला चिटकवली, हात पुढं धरायला लावले अन दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला वळवायला लागल्या. डावा सहज गेला, उजवा जागचा हलंना. मामी स्वतः वळवत नव्हती, मॅडम वळवत होत्या, तरी हलंना, हीच ती खूण. माझा खांदा दुसऱ्यानं फिरवला तर पूर्ण फिरायचा. पाचवी नस दबली तर दुखणं खांद्यावरच बसतं अन भल्याभल्यांची गडबड होती, तिथं पण हीच तपासणी कामाला येती. कधी कधी दोन्ही दुखणी एकाच माणसाला असतात हेबी खरं.

मग रिपोर्टमधल्या बल्जचं काय? जपानमधी काहीच त्रास नसलेल्या १२११ लोकांच्या मानेचा एमआरआय केला, २०१५ साली ते छापून आलं, त्यातल्या ८७.६ टक्के लोकांना डिस्क बल्ज निघाला, आणि विशीतल्या पोरांतबी बहुतेकांना. रिपोर्टमधले बाकीचे शब्दबी असेच, डेसिकेशन म्हणजे डिस्कमधलं पाणी कमी झालं, वयाबरोबर होतंच. लॉर्डोसिस गेला म्हणजे मानेचा बाक सरळ झाला, तो स्नायू आखडल्यानं नाहीतर मशीनमधी झोपायच्या पद्धतीनंसुद्धा दिसतो. थीकल सॅकला इंडेंटेशन म्हणजे नसांभोवतीच्या पिशवीला डिस्क टेकली, एवढंच. बघायचं ते हे की नस खरंच दबली का, आणि दबली ती दुखणाऱ्या बाजूचीच का. माझ्यात उजवी सहावी नस दबलेली लिहिली होती. मामीच्या रिपोर्टमधी बल्ज जरा डावीकडं, अन दुखायचा उजवा हात! कोणाच्या लक्षात आलं नाही.

उपचाराचं थोडक्यात. माझ्यासारखं दुखणं बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय काही आठवड्यांत, फारतर काही महिन्यांत उतरतं, फक्त मान मोडून नस मोकळी करणाऱ्याकडं जाऊ नका. जाम खांद्याला पट्ट्याचा काडीचा उपयोग नाही, तिथं व्यायाम, लागलंच तर सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन (शुगर काही दिवस वाढती, आधी सांगून ठेवा), आणि धीर, वर्ष दोन वर्षं जाऊ शकतात.

पण हाताची ताकद दिवसेंदिवस कमी व्हायली, दोन्ही हातांनी भाकर थापायला जमंना, चालताना झोकांड्या, लघवीवर ताबा नाही, असं असंल तर थांबू नका, ते मणक्यातल्या मुख्य दोरीवर दाब आल्याचं असू शकतं. आणि हात दुखून छाती भरून आली, घाम फुटला तर एमआरआयच्या नादी न लागता आधी ईसीजी.

मामीचा हात आता वेणीपर्यंत पोचायलाय. दोरी मात्र मामानं अजून खालीच ठेवलीय, म्हणतो घाई काय, मलाबी बरी पडती.