टिन व्हिसल का चिरकते?

माझ्या भाच्याने डब्लिनहून येताना एक स्वस्तातली टिन व्हिसल आणली. सहा भोकांची, निकेलचा मुलामा दिलेली नळी आणि वर प्लास्टिकचं तोंड. खालचे सूर ठीक लागतात, पण वरच्या सप्तकात गेलं की ती चिरकते, आणि कधी सूर घसरून पुन्हा खाली येतो. "मावशी, पितळेचीच घ्यायला हवी होती. निकेलमुळे आवाज पातळ येतो," असं तो म्हणाला. हा समज बासरीवाल्यांतही इतका पक्का आहे, की त्यावर लिहिल्याशिवाय मला राहवेना.

'टिन' म्हणजे इथे कथिलाचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या रॉबर्ट क्लार्कने १८४३ मध्ये असा पत्रा गुंडाळून, तोंडात लाकडी गुटका बसवून या शिट्ट्या करायला सुरुवात केली. गरिबालाही परवडणारं हे वाद्य पुढे आयरिश लोकसंगीताने आपलंसं केलं. आपलं अलगूजही याच जातीचं. आडव्या बासरीत फुंकर कुठे लागावी हे ओठ ठरवतात, इथे ते काम गुटक्यावरची चपटी चीर करते. बोटं मात्र बासरीचीच. सहाही भोकं बंद केली की पेटीवरची पांढरी दोन वाजते. वरची तीन बंद करून येणाऱ्या पांढरी पाचला सा मानलात, तर सगळी बंद म्हणजे मंद्र पंचम आणि सगळी उघडी म्हणजे तीव्र मध्यम, अगदी बासरीसारखं.

आता धातूचं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आतून एकाच मापाच्या तीन बासऱ्या, एक पातळ चांदीची, एक जाड तांब्याची, एक लाकडाची. तिन्हींचं तोंड सारखं. ऐकणाऱ्यांना आवाजावरून त्या ओळखता आल्या नाहीत, आणि कुठली हातात आहे हे कळू न देता वाजवायला दिल्यावर वादकांनाही नाही. वाजते ती नळीतली हवा. नळीचं काम त्या हवेला आकार देण्याचं. दोष आकारात असेल तर पितळ आणून तो जाणार नाही.

मग चिरकणं येतं कुठून? या वाद्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथेच आहे.

चिरेतून निघालेला हवेचा पातळ पडदा काही मिलिमीटरची खिडकी, म्हणजे तोंडावरचं उघडं छिद्र, ओलांडून समोरच्या पात्यावर, म्हणजे छिद्राच्या पलीकडच्या पातळ कडेवर, आदळतो. नळीतली हवा खिडकीतून आत-बाहेर डोलत असते. ती या पडद्याला चिरेच्या तोंडाशीच किंचित ढकलते. ही लहानशी लहर पडद्यावरून पुढे जाताना भराभर मोठी होते आणि पात्यापर्यंत पोचते तेव्हा अख्खा पडदाच एकदा पात्याच्या वर, एकदा खाली झुकतो. खाली झुकला की फुंकर नळीत शिरते आणि डोलणाऱ्या हवेला धक्का देते. झोपाळ्याचा धक्का जसा नेमक्या क्षणी द्यावा लागतो, तसाच हाही वेळेवर बसला तरच सूर टिकतो.

वेळ ठरवते फुंकर. लहर पडद्याच्या साधारण निम्म्या वेगाने सरकते. पांढरी दोनचा सूर ५८७ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५८७ हेलकावे, एका हेलकाव्याला १.७ मिलिसेकंद. जोरात फुंकलं की लहर लवकर पोचते, हा धक्का १.७ मिलिसेकंदांच्या हेलकाव्याला अवेळी बसतो आणि ०.८५ मिलिसेकंदांच्या हेलकाव्याला जुळतो. सूर एका सप्तकाने वर उडी मारतो. कळ नाही, जादा भोक नाही, केवळ वेळ जुळवून सप्तक बदलतं!

पण त्यासाठी नळीचा दुसरा अनुनाद (नळीतली हवा ज्या कंपनसंख्यांना सहज डोलते, त्यांतली दुसरी) पहिल्याच्या बरोबर दुप्पट, ११७४ हर्ट्झवर हवा. स्वस्त प्लास्टिकच्या तोंडात चिरेखालचा गुटका भरीव नसतो. साच्यातून काढलेलं तोंड आतून पोकळ असतं आणि ती पोकळी नळीकडे उघडते. तिच्यातली हवा स्प्रिंगसारखी दबते-सुटते. कंपनं जितकी जलद, तितका तिचा हस्तक्षेप जास्त. म्हणून दुसरा अनुनाद पहिल्यापेक्षा अधिक खाली ओढला जातो, दोघांचं नातं दुपटीचं राहत नाही आणि एकाच सुरातली स्वरकं (मूळ सुरासोबत वाजणारी वरची कंपनं) एकमेकांना आधार देईनाशी होतात. आडव्या पाश्चात्त्य फ्लूटच्या बंद टोकातलं बूच मागे ओढलं तरी वरची सप्तकं अशीच उतरतात.

उपाय आहे भिंतीवर चित्रं चिकटवायची निळी पुट्टी. तोंड नळीपासून सुटं करा, खालून ती पोकळी पुट्टीने भरा आणि गुटक्याच्या टोकाशी सपाट करा. चिरेत कण जाऊ देऊ नका. पात्याच्या कडेला साच्याची कुसळं राहिली असतील तर टोकदार लाकडी काडीने अलगद काढा. पातं धारदार करायच्या मोहात पडू नका, आकार एकदा बिघडला की परत येत नाही.

तोंड सहसा डिंकाने चिकटवलेलं असतं. ते मिनिटभर कढत पाण्यात धरून, फडक्याने पकडून पिळलं की सुटतं. परत बसवताना सैल वाटलं तर नळीवर नळकामाची पांढरी टेफ्लॉन पट्टी एक-दोन वेढे गुंडाळा, कारण सांध्यातून हवा गळली की खालचे सूर पहिले मरतात. तोंड आता सरकतं, म्हणजे सूर जुळवता येतो. पण बेताने. ३ मिमी बाहेर काढलं तर सगळ्यात खालचा सूर सुमारे १८ सेंटने उतरतो (अर्ध्या सुराचे १०० सेंट), तर एकच भोक बंद करून येणारा सूर ३० सेंटने. कारण खालच्या सुराला २९ सेंमी हवा डोलते, वरच्याला जेमतेम १७. ज्या नळीची लांबी कमी, तिला तेच ३ मिमी जास्त भारी पडतात.

आणि नेहमीच्या ४४० ऐवजी '४३२ हर्ट्झला जुळवलेली' वाद्यं मनाला शांती देतात, विश्वाशी नातं जोडतात असं सांगून जे काही विकलं जातं, त्याला कृपा करून भुलू नका. हर्ट्झ सेकंदावर ठरतो आणि सेकंद माणसाने ठरवला. नळीतल्या हवेचं तापमान ३० अंशांवरून २० अंशांवर आलं की ४४० ला जुळवलेलं वाद्य आपोआपच ४३३ च्या आसपास उतरतं, कारण थंड हवेत ध्वनी सावकाश चालतो. डिसेंबरातल्या नाशिकच्या पहाटे प्रत्येक बासरी तिकडेच झुकते. फुंकरीची ऊब त्यातलं थोडं भरून काढते, एवढंच.

भाच्याची व्हिसल आम्ही स्वयंपाकघरात तासाभरात सुधारली. वरचे सूर आता धरून राहतात. वीसेक मिनिटं वाजवल्यावर मात्र आवाज पुन्हा घोगरा झाला. श्वासातल्या वाफेचे थेंब चिरेत अडकले होते. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पाण्यात कालवून चिरेतून सोडला आणि वाळू दिला. आता पाणी थेंब धरत नाही, पातळ थर होऊन वाहून जातं.