गवार डिंक, रूपांतरित

गवारीच्या (सायामोप्सिस टेट्रागोनोलोबा) बियांतील भ्रूणपोषातून (अंकुरासाठीच्या अन्नसाठ्यातून) मिळणाऱ्या डिंकावर रासायनिक वा एंझाइमी प्रक्रिया करून बनविलेले पदार्थ. भाजीची गवार सर्वपरिचित आहे. डिंकासाठी शेंगा झाडावरच वाळू देतात. भारतात राजस्थान हे मुख्य उत्पादक राज्य. गिरणीत बी फोडून टरफल व अंकुर वेगळे करतात. ते चुरी व कोरमा या नावांनी पशुखाद्यात जातात. उरलेली डाळ (भ्रूणपोष) दळली की डिंक तयार होतो.

गवार रानटी अवस्थेत आढळत नाही, त्यामुळे तिच्या मूलस्थानाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ती भारतातीलच मानतात. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ थिओडोर हायमोविट्झ यांनी 1972 मध्ये वेगळे मत मांडले: आफ्रिकेतील सा. सेनेगालेन्सिस ही रानटी जाती अरब व्यापाऱ्यांच्या घोड्यांच्या चाऱ्यातून साधारणतः नवव्या ते तेराव्या शतकांदरम्यान भारतात आली व येथे पीक बनली. याला थेट पुरावा नाही. तथापि या प्रजातीच्या इतर जाती प्रामुख्याने आफ्रिकेत असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते.

डिंक हे गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे मॅनोज व गॅलॅक्टोज या शर्करांची लांब साखळी, आहे. मॅनोजच्या सरळ साखळीवर दर दोन मॅनोजमागे सुमारे एक गॅलॅक्टोज शाखेसारखे असते. पूड पाण्यात एकदम टाकल्यास गाठी होतात. गाठ फोडली तर आत कोरडी पूड सापडते. प्रोपिलीन ऑक्साइडच्या अल्कधर्मी विक्रियेने मिळणारा हायड्रॉक्सिप्रोपिल गवार अधिक स्वच्छ विरघळतो व मागे गाळ कमी ठेवतो. प्रत्येक शर्करा एककावर सरासरी तीन मोकळे हायड्रॉक्सिल (-OH) गट असल्याने प्रतिस्थापनाची मात्रा (दर एककामागे बदललेल्या हायड्रॉक्सिलांची सरासरी संख्या) 3 च्या वर जाऊ नये. येथे मात्र ही मोजणी फसवी ठरते: जोडलेल्या गटावर नवा हायड्रॉक्सिल येतो व त्यालाही पुढचा गट जोडता येतो. म्हणून मोलर प्रतिस्थापन, म्हणजे दर एककामागे जोडलेल्या एकूण गटांची सरासरी संख्या, सांगण्याचा प्रघात आहे.

बोरेटमुळे (बोरॉनच्या लवणामुळे) अल्कधर्मी द्रावणात साखळ्या एकमेकींना बांधल्या जाऊन घट्ट जेल बनते. खडक फोडून तेल व वायू काढताना भेगांत वाळू वाहून नेण्यासाठी ते वापरतात. या मागणीने भाव भडकले आणि 2012 मध्ये भारतात गवारीचे वायदे व्यवहार (पुढील तारखेचे सौदे) थांबवावे लागले. चतुर्थक अमोनियम गट जोडलेला धनभारित गवार शांपूत असतो. ऋणभारित केसांवर तो चिकटून राहतो.

एंझाइमांपैकी बीटा-मॅनानेज साखळीच तोडते. त्यातून मिळणारा अंशतः जलापघटित (पाण्याच्या विक्रियेने तुटलेला) डिंक पाण्यासारखा पातळ राहतो व विद्राव्य तंतू म्हणून आहारात वापरतात. अल्फा-गॅलॅक्टोसिडेज मात्र फक्त शाखा छाटते. त्यामुळे मॅनोजचे उघडे पडलेले पट्टे झँथन डिंकाशी (जिवाणूंपासून मिळणाऱ्या डिंकाशी) जुळून जेल देतात, जसे महागडा लोकस्ट बीन डिंक (कॅरब झाडाच्या बियांचा डिंक) देतो.