सिरॅमिकवर किती ताण टाकायचा? एका हिशेबाची पार्श्वभूमी

पोलादाचा भाग डिझाइन करताना तक्त्यातली मजबुती घ्यायची, सेफ्टी फॅक्टरने भागायची आणि पुढच्या कामाला लागायचं, हे सहसा चालून जातं. एखाद्या कोपऱ्यात ताण वाढलाच तर पोलाद तिथे किंचित दबतं आणि भार आजूबाजूला वाटला जातो. सिरॅमिकमध्ये ही सोय नाही. एकाच भट्टीतून निघालेल्या, दिसायला अगदी सारख्या दोन पट्ट्यांपैकी एक ३०० मेगापास्कलला (मेगापास्कल हे ताणाचं एकक) तुटू शकते आणि दुसरी ४५०ला. सरासरी काढून तिला भल्यामोठ्या फॅक्टरने भागणं हा जुना तोडगा. पण फॅक्टर नेमका किती घ्यायचा, याला अंदाजापलीकडे आधार नव्हता.

१९१३ मध्ये चार्ल्स इंग्लिस यांनी लंबवर्तुळाकार भोकाच्या टोकाशी ताण किती पट वाढतो, याचं गणित मांडलं. भोक जितकं निमुळतं, तितका ताण जास्त. अडचण अशी की हाच हिशेब अणकुचीदार तड्याला लावला तर ताण अनंताकडे जातो, म्हणजे ओरखडा पडलेली कुठलीही काच हात लावताच फुटायला हवी. हा पेच ॲलन ग्रिफिथ यांनी १९२१च्या निबंधात सोडवला. ताणाऐवजी त्यांनी ऊर्जेचा हिशेब केला: तडा पुढे सरकताना मोकळी होणारी ऊर्जा नवे पृष्ठभाग तयार करायला पुरते का? पुरली, तर तुकडा गेला. त्यांनी काचेचे तंतूही ओढून पाहिले. साध्या काचेची मजबुती १७० मेगापास्कलच्या आसपास भरली, तर सुमारे ३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीच्या तंतूची ३,४०० पर्यंत. पदार्थ तोच, फरक होता तो दोषांच्या आकाराचा.

मोठ्या भागात मोठा दोष सापडण्याची शक्यता जास्त, ही गोष्ट १९३९ मध्ये स्वीडनच्या वालोडी वायबुल यांनी संख्याशास्त्रात बसवली. तुकड्या-तुकड्यांच्या मजबुतीत किती फरक पडतो हे सांगणारा आकडा म्हणजे वायबुल मोड्युलस; तो जितका लहान, तितका फरक जास्त. तो १० असेल, तर आकारमान हजार पट झाल्यावर मजबुती निम्मी होते. प्रयोगशाळेतल्या चिमुकल्या पट्टीचा आकडा जसाच्या तसा टर्बाइनच्या पात्याला लावणं किती धोक्याचं, हे एवढ्यावरून कळावं.

जॉर्ज अर्विन यांनी १९५७ मध्ये ग्रिफिथचा विचार वापरायला सोप्या रूपात आणला. तड्याच्या टोकाची अवस्था त्यांनी एकाच राशीत सांगितली: ताण गुणिले तड्याच्या लांबीचं वर्गमूळ, शिवाय आकाराचा गुणक. ही राशी पदार्थाच्या चिवटपणाएवढी, म्हणजे तड्याला रोखण्याच्या क्षमतेएवढी, झाली की भंग. ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकचा) चिवटपणा ४ मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर धरला, तर पृष्ठभागावरचा ५० मायक्रॉन खोलीचा अर्धवर्तुळाकार तडा सुमारे ४५० मेगापास्कलला भाग तोडतो. तोच तडा २०० मायक्रॉनचा असेल, तर २२५ पुरतात. डिझाइनच्या आकड्यामागे घासकामाचं चाक किती खोल ओरखडे पाडतं हा प्रश्न दडलेला असतो, तो इथे उघडा पडला.

तरीही वेळेचा हिशेब बाकी होता. भाराखाली ठेवलेली काच आज टिकते आणि काही दिवसांनी आपोआप तुटते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच लक्षात आलं होतं. १९६७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये शेल्डन वीडरहॉर्न यांनी तड्याचा वेगच मोजला. हवेतली वाफ वाढली की तडा भरभर सरकत होता. पाणी तड्याच्या टोकाशी असलेले सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडतं. हा वेग ताणाच्या मोठ्या घातांकाने वाढतो आणि काचेत हा घातांक २०च्या आसपास असतो. म्हणजे ताण निम्मा केला, तर आयुष्य जवळजवळ दहा लाख पट! उलट बाजूही तितकीच निर्दय: ताण दहा टक्क्यांनी वाढला की आयुष्य सातव्या हिश्श्यावर येतं.

१९७०च्या दशकात सिरॅमिक गॅस टर्बाइनचा अमेरिकी कार्यक्रम सुरू झाला आणि हे सगळं एकत्र आणण्याची निकड भासली. ॲन्थनी इव्हान्स आणि वीडरहॉर्न यांनी १९७४ मध्ये प्रूफ टेस्टला गणिती पाया दिला. प्रत्येक भाग वापराआधीच जास्त ताणाला तपासायचा. जो टिकला, त्यात ठरावीक मापापेक्षा मोठा दोष नाही हे सिद्ध झालं; तेवढा दोष वाढून घातक व्हायला लागणारा वेळ म्हणजे किमान आयुष्य. चाचणीचा ताण वापराच्या दुपटीऐवजी २.२ पट घेतला, तर काचेसाठी ही हमी साधारण साडेपाच पट वाढते. स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाच्या खिडक्यांचा अभ्यास याच पद्धतीने झाला. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रातल्या डेव्हिज आणि सहकाऱ्यांनी मजबुती, तुटण्याची शक्यता आणि वेळ एकाच आलेखावर आणले. पुढे नासाने असा हिशेब करणारं केअर्स हे सॉफ्टवेअर बनवलं.

माझा कल मात्र प्रूफ टेस्टकडेच आहे. वायबुलच्या संख्याशास्त्राने तीस पट्ट्या तोडून ‘दहा लाखांत एक’ भाग तुटेल असा ताण सांगणं म्हणजे आलेखाची रेघ मोजमापाच्या फार पलीकडे ओढणं. अर्थात प्रूफ टेस्टलाही अटी आहेत. भार उतरवतानाही तडा वाढत असतो, म्हणून तो झटपट आणि शक्यतो कोरड्या वातावरणात उतरवावा लागतो. नाहीतर चाचणीत पास झालेला भागच दुबळा होऊन बाहेर पडतो. शिवाय चाचणीनंतर, जोडणीत किंवा वापरात पडलेल्या नव्या ओरखड्याबद्दल ती काहीच सांगत नाही.